दाराखालची फट बघणारा मामा

त्या दिवशी दुपारी मी तळवड्याच्या ऑफिसात मीटिंगमध्ये बसले होते. अशा मीटिंगमध्ये माझं काम फक्त ऐकायचं असतं. फोन टेबलावर पालथा ठेवला होता आणि तो थरथरत थरथरत लॅपटॉपकडे सरकत होता. उलटा केला तर नाव दिसलं, कांबळेकाका. मामाच्या कंपनीतले, चाकणहून येणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये रोज त्याच्या शेजारी बसणारे. त्यांचा नंबर मामानेच कधीतरी माझ्या फोनमध्ये टाकून ठेवला होता, "असू दे, कधी लागला तर" म्हणून. त्यांनी मला आजवर एकदाही फोन केला नव्हता. मी उठून बाहेर पॅसेजमध्ये आले. "प्रज्ञाताई, कुठं आहात?... आधी बसा कुठंतरी. बसलात का?" बसायला तिथे काहीच नव्हतं. मी म्हटलं, "हो, बसले."

पहिली शिफ्ट सुटली की त्या बसमध्ये सगळेच झोपतात. पहाटे अंधारात घर सोडलेली माणसं, खिडकीच्या काचेला डोकं टेकलं की गेली. कोण कुठे उतरतो हे ज्याच्या त्याच्या शेजाऱ्याला पाठ असतं आणि उठवायचं काम त्याचं. काळेवाडी फाटा आला तेव्हा कांबळेकाकांनी रोजच्यासारखी मामाच्या गुडघ्यावर थाप मारली. "उठा राव, आलं तुमचं लंडन." गेले काही आठवडे बसमध्ये सगळे त्याला असंच चिडवायचे. तो उठला नाही. दुसऱ्यांदा थाप मारली... मग ड्रायव्हरने बस बाजूला घेतली. ती बस रोज तळवड्याच्या चौकात अडकते, माझ्या ऑफिसच्या अगदी खाली. त्या दिवशीही बराच वेळ अडकली होती म्हणे. तेव्हा तो होता की नव्हता, हे डॉक्टरांना सांगता आलं नाही, आणि मी तो प्रश्न पुन्हा विचारलेला नाही.

मामा म्हणजे सुदाम, माझ्या आईचा धाकटा भाऊ. बाबा गेले तेव्हा मी बालवाडीत होते. बहिणीला आठवडाभर सोबत म्हणून तो उदगीरकडच्या गावाहून काळेवाडीत आला आणि राहिलाच. आधी कंत्राटी कामगार, मग हेल्पर, मग चाकणच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये. टूलरूम म्हणजे जिथे कारखान्याचे साचे दुरुस्त करतात, घासून-तासून नेमके बसवतात. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं की म्हणायचा, "तीन शिफ्टवाल्याला कोण पोरगी देतंय? अन् दिली तरी ती झोपंल तवा मी कामावर." आई ब्लाउज शिवायची, तो शिफ्ट करायचा, आणि या दोघांनी मिळून मला इंग्रजी शाळेत घातलं. पालकसभेला तोच यायचा, बऱ्याचदा कंपनीच्या युनिफॉर्मवरच, लहान मुलांच्या बाकावर गुडघे वर करून बसायचा. बाई इंग्रजीत बोलत असल्या की सगळं कळल्यासारखी मान हलवायचा आणि गेटबाहेर आल्यावर मला विचारायचा, "काय म्हणली गं? पास हाय ना?" शाळेत मी घाबरून बोलत नसे आणि घरी सवय राहिली नाही म्हणून. मामा आल्यागेल्याला सांगायचा, "आमच्या मॅडमला तोंड उघडायला गेटपास लागतो."

बाहेरच्या लोकांना कदाचित ठाऊक नसेल, पण आमच्याकडच्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी रविवारची नसते, गुरुवारची असते. त्यामुळे आमच्या घराचा रविवार गुरुवारी यायचा. मामा उशिरा उठायचा, दाढी करायचा, पिशवी घेऊन मटण आणायला जायचा. शेजारच्या काकूंचा नेमका गुरुवारचा उपास. आमच्या कुकरची पहिली शिटी झाली की त्या दार लावून घ्यायच्या, आणि मामा मुद्दाम जिन्यात उभा राहून विचारायचा, "काकू, वास येतोय का ओ? मसाला कमी करू का?" काकू आतून ओरडायच्या, "मेल्या, उद्या आणून दे वाटीभर, आज नको सतावूस!" आणि शुक्रवारी ती वाटी खरोखरच जायची. मला नोकरी लागली आणि माझी सुट्टी शनिवार-रविवारी गेली, तेव्हा काही काळ असा गेला की आम्ही एका घरात राहून एकमेकांना दिसतच नव्हतो. मग ऑफिसने आठवड्यातून एक दिवस घरून काम करायची मुभा दिली आणि कुठला दिवस ते विचारलं. सगळ्यांनी सोमवार किंवा शुक्रवार मागितला. मी गुरुवार मागितला. कारण विचारलं नाही कुणी, बरं झालं.

अशाच एका गुरुवारी तो सिनेमा आमच्या घरात आला. नाव सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. एक मुलगी शिकायला परदेशात जाते. जुनं, दगडी इमारतींचं, सतत भिजलेलं गाव. लायब्ररीच्या जिन्यात ती एका मुलाला धडकते, दोघांची पुस्तकं खाली पडतात. मुलगा देखणा, गमत्या, आणि त्याला कसलातरी आजार आहे जो तो तिला सांगत नाही. मी हे सगळं अशा इतक्या सिनेमांत पाहिलं होतं की एका कानात हेडफोन घालून ऑफिसचं काम करता करता मला पुढचं वाक्य सांगता आलं असतं. आईने मात्र पदर हातात घेऊनच ठेवला होता. मामा पलंगावर आडवा, डोक्याखाली हात.

"हा मरणार," मामा म्हणाला. त्याचा चहाही अजून संपला नव्हता.

"गप रे. आत्ता तर भेटलेत दोघं."

"अक्का, सारखा हसलालाय बघ. कुणाशी भांडत न्हाई, कुणावर चिडत न्हाई. असली माणसं सिनेमात टिकत न्हाईत."

थोड्या वेळाने तो मुलगा खोकला. मामाने आईकडे पाहिलं फक्त. आई म्हणाली, "सर्दी असंल." आणि मग पुढचा तासभर ती रडत राहिली आणि मामा तिला पाणी आणून देत राहिला. मुलगा गेला, अर्थातच वसंतात, झाडांना फुलं आलेली असताना. मुलगी त्याचा कॅमेरा गळ्यात अडकवून, एक पिशवी घेऊन, त्याला बघायची होती ती गावं बघायला निघाली. गाणं सुरू झालं. मामा उठून बसला.

"अन् परीक्षा?"

"काय?" आई डोळे पुसत म्हणाली.

"परीक्षा दिली का न्हाई हिनं? कुठं चालली ही?"

"अरे सुदाम, तिचा माणूस गेला..."

"गेला ना, वाईट झालं. न्हाई म्हणतोय का मी? पण ॲडमिशन घेतलंवतं की हिनं. घरच्यांनी पाठवलंवतं." नावं पडद्यावर वर सरकत होती. तो शेवटपर्यंत बघत बसला, कुठेतरी लिहून येईल अशा आशेने. "डिग्री घेतली का, एवढं तरी दाखवायचं," असं म्हणत शेवटी ताट घ्यायला उठला. त्या आठवड्यात आईला तो मुलगा आठवून उसासे यायचे आणि मामाला ती अर्धवट राहिलेली डिग्री आठवून.

परदेशातल्या एका विद्यापीठात मला पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला, तेव्हा मी आधी आईला सांगितलं, स्वयंपाकघरात, कुकरच्या आवाजात. मोठ्याने सांगायची माझी पद्धत नाही. मामा बाहेरच्या खोलीत बुटांना पॉलिश करत होता. त्याने ऐकलं हे मला ब्रशचा आवाज थांबला त्यावरून कळलं. थोड्या वेळाने ब्रश पुन्हा सुरू झाला. तो काहीच बोलला नाही, त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, त्याला आवडलेलं नाही. गुरुवारी जेवणं झाल्यावर तो पलंगावर नीट मांडी घालून बसला आणि म्हणाला, "प्रज्ञे, तो सिनेमा लाव."

"कुठला?"

"तो, मरणारा."

मी लावला. दोन मिनिटांत त्याने थांबवायला लावला. "हिंदीत नको. इंग्लिशमदी लाव. तिकडं कसं बोलतात ते कानावर पडू दे." मग रिमोट माझ्याकडून स्वतःच्या हातात घेतला, आणि तेव्हापासून तो सिनेमा आमच्या घरात पुढे कमी आणि मागे जास्त चालला. मुलगी खोलीत शिरली की थांबव. "ह्या खिडकीला गज न्हाईत." मुलगी पुलावरून चालली की थांबव. "रोज एकटी ह्याच पुलावरून कशाला येती ही? दुसरा रस्ता न्हाई? बस न्हाई?" मुलगा तिला पहिल्यांदा जवळ घेतोय, आईने श्वास रोखलाय, आणि मामा विचारतोय, "ही जेवती कधी? तिसऱ्यांदा बघलालो, हिच्या हातात पावाशिवाय काही बघितलं न्हाई." आई वैतागायची. "सुदाम, अरे रडू दे की रे मला नीट!" मी हेडफोनच्या आडून हसायचे. त्या मुलाचा आजार, त्यांचं प्रेम, तो कॅमेरा, यातलं काहीही मामाला दिसत नव्हतं. तो ती जागा बघत होता. मी जिथे जाणार होते ते गाव दुसरंच, देशही दुसरा, हे मी त्याला सांगितलं होतं. त्याच्या दृष्टीने परदेश एकच होता आणि त्याची तपासणी करायला त्याच्याजवळ एवढा एकच सिनेमा होता.

त्या सिनेमात एक प्रसंग आहे. दोघांचं भांडण झालेलं असतं. मुलगी दार लावून आत उभी आहे, मुलगा बाहेर. तो दार वाजवत नाही. दाराखालच्या फटीतून बाहेरचा उजेड आत येतोय आणि त्या उजेडात त्याच्या बुटांच्या दोन सावल्या दिसतात. मुलगी त्या सावल्यांकडे बघत खाली बसते. आई दरवेळी इथे हमसून रडायची, आणि खरं सांगायचं तर एकदा माझेही डोळे भरून आले होते. मामाने इथे सिनेमा थांबवला, पलंगावरून उतरला आणि टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला.

"केवढी फट ठेवलीय ही!"

आईने पदर डोळ्यांवरून काढला.

"अन् कडी कुठाय? हे काय एवढंसं कुलूप... ते किल्लीनं बाहेरूनबी उघडत असंल. म्हणजे ज्याच्याकडं किल्ली त्याचं घर." तो बोट लावून काहीतरी मोजत होता. "हा बूट बघ. सोल साधारण एवढी धरू. सोलच्या निम्मी फट हाय. मावंल."

"काय मावेल, मामा? अरे, तो सेट असतो. खरं घर नसतं ते."

"सेट असला तरी कुणीतरी खऱ्याचंच बघून केला असंल ना?"

पुढच्या आठवड्यात त्याने एक पाचर आणली, दाराखालच्या फटीत आतून सारायची. भंगारात जाणाऱ्या पोलादाच्या तुकड्याची, टूलरूममध्ये जेवणाच्या सुट्टीत थोडी थोडी घासून केलेली. हाताच्या पंजात मावेल एवढी, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पार पातळ होत गेलेली. कुठेही हाताला लागू नये म्हणून सगळ्या कडा मारलेल्या, खाली सरकू नये म्हणून रबर चिकटवलेलं, आणि वरचा भाग इतका चकचकीत की त्यात तोंड दिसावं. कंपनीतून काडीही बाहेर न्यायची तर गेटपास लागतो. त्याने साहेबांकडून रीतसर सही आणली होती. गेटवरच्या सिक्युरिटीने विचारलं, हे काय? "भाचीच्या दाराची पाचर. लंडनला चाललीय." त्यातून संपूर्ण बसला बातमी लागली, आणि लंडन हे नाव त्याला तेव्हापासून चिकटलं. मी लंडनला जाणार नव्हते, पण ते दुरुस्त करायला तो तयार नव्हता. "लंडन म्हणलं की लोकांना कळतं," म्हणाला.

पाचर लावून दाखवायची तर आमच्या घरात तिला दारच नव्हतं. प्रत्येक दाराला उंबरा, फट कुठून असणार? मग तो मला गच्चीवर घेऊन गेला. गच्चीचं दार जुनं, खालून चांगलंच झिजलेलं. मला आत, जिन्यात उभं केलं, स्वतः बाहेर गच्चीवर उन्हात गेला. "दार लाव. आता पातळ बाजू खाली सरकव. पायानं दाब. दाबली का? आता मी ढकलतो. चोर हाय मी." आणि त्याने खांदा लावून दार ढकललं. दार थरथरलं, धूळ पडली, पण हललं नाही. त्याने पुन्हा ढकललं, मग मागे जाऊन पळत येऊन ढकललं. खालून काकू ओरडल्या, "कोण गं ते? काय पडलं?" आणि दारापलीकडून मामाचा आवाज, मी त्याला इतकं आनंदात कधी ऐकलं नव्हतं, "न्हाई उघडत! न्हाई उघडत, मॅडम! घे, आता शिक निवांत!" मी हसत हसत पायरीवर बसले. पाचर काढायला मला जरा जमेना, तेवढा वेळ तो बाहेर उन्हात उभा होता, आणि तरी तिथूनच मला सूचना देत होता की मूठ कशी मारायची. मी म्हटलं, "मामा, सामानात वजनाची मर्यादा असते, केवढी जड आहे ही." तो म्हणाला, "मग दोन पुस्तकं कमी ने. तिकडं लायब्ररी हाय, बघितलीय मी."

यानंतर काही आठवड्यांनी कांबळेकाकांचा तो फोन आला.

त्या दिवसांबद्दल मला फारसं लिहिता येणार नाही. खूप माणसं होती, खूप चहा होता, आणि सगळ्यांना उत्तरं द्यायची होती. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम गुरुवारी ठेवला, म्हणजे कंपनीतल्या लोकांना येता येईल. ते एक बस करून आले. पांढरे शर्ट घालून, ओळीने, मुकाट्याने बसले. भंतेजींच्या मागे सगळ्यांनी वंदना म्हटली. टूलरूममधली माणसं मशीनच्या आवाजात बोलून बोलून एरवीही मोठ्याने बोलतात, त्यामुळे ती वंदना आमच्या त्या एवढ्याशा खोलीत भिंतींना लागत होती. निघताना एक एक जण माझ्यापाशी थांबत होता आणि काय बोलावं ते न सुचून एकच विचारत होता, "ताई, पाचर नेणार ना?" मी मान हलवत होते. हो किंवा नाही, काहीही अर्थ निघेल अशी.

कारण तोवर माझं ठरलं होतं की जायचं नाही. गावाकडून आलेल्या मोठ्या मावशींनी सगळ्यांसमोर म्हटलंच होतं, "आता कुठं जाती ही? आईला कोण हाय हिच्या? आधी नवरा गेला, आता भाऊ गेला." आई तेव्हा कपबशा गोळा करत होती. आणि खरं म्हणजे मला तेव्हा बरंच वाटलं... थकलेल्या माणसाला कुणीतरी "थांब" म्हटलं की बरं वाटतं. पासपोर्ट, व्हिसा, कागद, नवं गाव, नवी माणसं, त्या सगळ्यांशी बोलणं, एवढं सगळं एका वाक्यात माझ्या अंगावरून उतरलं. मी आईला सांगितलं, मी राहते. आई म्हणाली, "बघ, तुला वाटेल तसं." तिच्या आवाजावरून काहीच कळलं नाही. ती पण दमलेली होती. त्या आठवड्यांत आम्ही दोघी एकमेकींशी जपून, कमी शब्दांत, दवाखान्यातल्यासारखं बोलत होतो. पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात ती अजूनही पहाटे उठायची, डबा भरायला. गॅस पेटवल्याचा आवाज यायचा, मग बंद केल्याचा.

दरम्यान विद्यापीठाच्या वसतिगृहाकडून मेल आला. खोली तुमच्यासाठी राखून ठेवली आहे, येणार असल्याचं कळवा. मला फक्त "येणार नाही" एवढं लिहायचं होतं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी ते लिहायला घेतलं. खाली चौकात गाड्या अडकलेल्या, हॉर्न वाजत होते, त्यात कुठल्या कुठल्या कंपन्यांच्या बसेस, खिडक्यांना टेकलेली डोकी. मी लिहिलं, खोलीबद्दल धन्यवाद. मग बराच वेळ काही लिहिलं नाही. आणि मग मी त्यांना विचारलं की खोलीचं दार कसं आहे, आतून काय लावता येतं, आणि त्याच्याखाली फट किती आहे. मी अनोळखी माणसाला स्वतःहून प्रश्न विचारण्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतकेच आले असतील. पाठवून दिलं आणि हात धुवायला गेले.

उत्तर गेल्या गुरुवारी आलं. मी घरूनच काम करत होते. आई फरशीवर कापड पसरून ब्लाउज बेतत होती आणि पंख्याच्या वाऱ्याने कापडाची कड सारखी उडत होती. ती एका गुडघ्याने ती दाबायची, मग दुसरीकडची उडायची. पंखा बंद कर म्हटलं तर म्हणाली, घाम कापडावर पडतो. मी मेल वाचला आणि मग तिला मराठीत सांगितला. वसतिगृहाच्या बाईंनी फार नम्रपणे लिहिलं होतं. दार जड आहे, आपोआप लागतं, आतून चांगलं कुलूप आहे. मात्र दाराखाली काहीही सरकवून ते अडवायला सक्त मनाई आहे. आग लागली तर दार चटकन उघडता यायला हवं.

"म्हणजे पाचर चालत न्हाई?" आई म्हणाली.

"नाही."

तिने कात्री खाली ठेवली. "बरोबर हाय त्यांचं," म्हणाली. "आगीचं सुदामच्याबी डोक्यात आलं न्हाई बघ. चोर, चोर अन् चोरच." आणि ती हसली. किती दिवसांनी... मीही हसले. हसताना दोघींचंही लक्ष त्याच्या पलंगाकडे जात होतं आणि आम्ही ते वळवत होतो.

मग तिने खडूने कापडावर एक रेघ मारली, मान वर न करता. "तू जाणार न्हाईस म्हणलीस ना?"

"हो."

"मग दाराचं कशाला विचारलंस?"

ती उत्तराची वाट बघत थांबली नाही. हात लांब करून तिने टीव्हीच्या खालच्या फळीवरून ती पाचर ओढून घेतली, हातात तोलून पाहिली आणि उडणाऱ्या कापडाच्या कडेवर ठेवली. कापड थांबलं.

"मोठ्या मावशीला मी सांगते काय सांगायचं ते. ती काय, तिची पोरगी नांदेडच्या पुढं गेली न्हाई कधी," ती म्हणाली. "मला सोबत म्हणून थांबशील, अन् मग सगळा जन्म ती सोबत मला बोलून दाखवशील. नको मला. काकू हायत, शिलाई हाय. आणि ही पाचर तिकडं चालत न्हाई तर राहू दे इथं. मला लागती."

मी लॅपटॉप मांडीवर ओढला आणि खोली हवी आहे, असं लिहिलं. कात्रीचा आवाज सुरू झाला होता. आई कापत कापत पुढे सरकत होती आणि दर थोड्या वेळाने पाचर उचलून आपल्या पुढे ठेवत होती.